मशीनच्या आतलं मशीनचंच

४ फेब्रुवारी

बारक्या,

आशीर्वाद आहेतच, ते दरवेळी लिहून शाई घालवत नाही. पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. तुला फोन लावला की तू "किती किलो?" असं विचारतोस. मी ताई बोलतेय म्हटलं तरी पुढचं वाक्य भावाचंच असतं. मागच्या वेळी माझी विचारपूस करता करता तू कुणाला तरी तांबं विकलंस, मला सगळं ऐकू येत होतं. म्हणून म्हटलं, पत्र लिहावं. पत्रात मध्येच दुसरं गिऱ्हाईक येत नाही.

खुशाली अशी की कारखान्यात मला आता सरकत्या पट्ट्यावरची मुकादम केलंय. म्हणजे पूर्वी मी उभी राहून भंगार निवडायची, आता उभी राहून दुसऱ्यांचं निवडणं बघते. पाय तेवढेच दुखतात. तुझे दाजी मैदानातल्या ढिगावर असतात. जुने फ्रीज, कपडे धुण्याची मशीनं, पंखे, असा दुमजली ढीग आहे. त्यावर पाणी मारायचं आणि धूर दिसला की भोंगा वाजवायचा, हे त्यांचं काम. गेल्या महिन्यात दोनदा वाजवावा लागला. आमचे टायवाले साहेब त्याला आग म्हणू देत नाहीत. नोंद करायची ती "उष्णतेची घटना" अशी. मी विचारलं, साहेब, यांनी भोंगा वाजवून "उष्णता, उष्णता" असं ओरडलं तर कोण पळेल? साहेब म्हणाले, मुद्दा चांगला आहे, बैठकीत मांडू.

तू धंद्यात मुरलेला आहेस म्हणून विचारते. हल्ली येणारी कपडे धुण्याची मशीनं इतकी जड कशी? दोघांनी उचलायचं मशीन चौघांना हलत नाही. पूर्वीची माणसं लोखंडाचे कपडे घालायची का?

ताई

११ फेब्रुवारी

ती. ताई,

पत्र दुकानात मोठ्याने वाचलं. तांबं घेणारा तो माणूस समोरच होता, त्याने तुला नमस्कार सांगितलाय. मुकादम झालीस याचा आनंद झाला. तशी तू जन्मापासून मुकादमच होतीस, पगार आता सुरू झाला.

मशीनचं सांगतो. गुपित वगैरे काही नाही, धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. इलेक्ट्रिक स्कूटरच्या जुन्या बॅटऱ्या असतात. त्या सुट्या न्यायच्या तर परवाना लागतो, वाळू भरलेली पिंपं लागतात, वेगळी गाडी लागते, आणि ज्याला द्यायच्या तो उलट आपल्याकडेच पैसे मागतो. माल द्या आणि वर पैसेही द्या! हा कुठला धंदा? पण नियमात एक ओळ आहे. उपकरण पूर्ण असेल तर त्याच्या आत जे असेल ते त्या उपकरणाचाच भाग. मग काही लोक काय करतात, मशीनच्या पोटात बॅटऱ्या भरतात आणि दार तारेने बांधून टाकतात. कागदावर मशीन, काट्यावर मशीन, सरकारदरबारी मशीन. तुमच्या साहेबांना अनुदान मिळतं वजनावर, म्हणून जड मशीन आलं की तेही खूश. शिवाय माल या दलालाकडून त्या दलालाकडे फिरत जातो. तीन हात बदलले की माल अनाथ झाला म्हणायचं. बाप कोण म्हणून विचारायची सोय नाही.

काही लोक म्हणजे मी नाही हं. मी आपला पत्रा आणि तांबं.

दाजींना नमस्कार. सिगारेट अजून तोंडात असते का?

बारक्या

२ मार्च

बारक्या,

तुझ्या त्या काही लोकांना माझा नमस्कार सांग. काल त्यांच्यामुळे माझ्या पट्ट्यावरच्या दोन बायकांच्या भुवया जळाल्या. मशीन दाबयंत्रात गेलं, फटाका फुटल्यासारखा आवाज झाला आणि निळा धूर आला. दोघींनी आज काजळाने भुवया काढल्या होत्या. एकीच्या जरा वर गेल्यात, त्यामुळे ती दिवसभर आश्चर्याने काम करत होती.

मी साहेबांना तू सांगितलेलं सगळं सांगितलं. मशीन आत घेण्याआधी दार उघडून बघू या म्हटलं. ते म्हणाले, दार उघडून आतलं काढलं तर उपकरण पूर्ण राहत नाही, आणि पूर्ण नसलेल्या उपकरणाला अनुदान नाही. शिवाय आत बॅटरी सापडलीच तर बाहेर काढणारा तो बाळगणारा, आणि आपल्याकडे बॅटऱ्या बाळगायचा परवाना नाही. म्हणून आपण बघत नाही. हे त्यांनी इतक्या समजुतीने सांगितलं की मी "हो साहेब" म्हणून बाहेर आले, आणि जिन्यात मला राग आला.

दाजींची सिगारेट आहे तशीच आहे. लग्नाच्या वेळी ओढणं सोडलं ते सोडलं, पण ओठात काहीतरी लागतं म्हणून एक न पेटवलेली धरतात. आठवडाभर तीच. ती पार लोळागोळा झाली की दुसरी घेतात. पाकीट महिनोन्महिने पुरतं. काडेपेटी जवळ नसते, घरात गॅस पेटवायचा तरी मला हाक मारतात.

ताई

९ मार्च

ती. ताई,

घाईत लिहितोय. तुमच्याकडे ही मशीनं पाठवणारा शेवटचा दलाल कोण? घाऱ्या डोळ्यांचा, सारखा मान खाजवणारा असा आहे का? सहज विचारतोय. धंद्यातल्या ओळखी असलेल्या बऱ्या.

आणि दाजींना ढिगापासून जरा लांब उभं राहायला सांग. धूळ असते, खोकला होतो. दुसरं काही कारण नाही.

बारक्या

५ एप्रिल

बारक्या,

आग लागली. या वेळी साहेबांनीही आगच म्हटलं.

ढीग गेला, शेड गेली, दाबयंत्र गेलं. माणूस कुणी गेलं नाही, कारण तुझे दाजी भोंगा वाजवून थांबले नाहीत. आत शिरून एकेकाला ढकलत बाहेर काढलं त्यांनी. मला तर दंडाला धरून असं फेकलं की अजून निळं आहे. नंतर पुन्हा आत गेले, कुणी राहिलं का बघायला. तेव्हा छातीत धूर गेला. दवाखान्यातून परवा घरी आणलं. दोन वाक्यं बोलले की थांबतात. अंग पुसून देताना टॉवेलवर अजून काळं येतं.

आता पुढचं ऐक. आगीचं कारण तुझे दाजी आहेत असं ठरतंय. साहेबांनी विचारलं, ढिगाजवळ कुणाला सिगारेटसकट बघितलंय का? सगळ्यांनी बघितलंय, रोज बघितलंय. वॉचमनने सांगितलं, क्रेनवाल्याने सांगितलं, माझ्या पट्ट्यावरच्या त्या भुवईवालीनेही रडत रडत सांगितलं. कुणीही खोटं बोललं नाही, हीच तर अडचण आहे. ती पेटलेली नसायची, हे मी सांगते. पण मी बायको, माझं कोण ऐकणार?

विम्याचं असं आहे की माणसाच्या चुकीने आग लागली तर कंपनीला भरपाई मिळते. मालाने लागली, आणि तो माल असा आहे हे ठाऊक असून आत घेतला होता, तर मिळत नाही. तेव्हा साहेबांना माणूस हवा आहे. सरकारी चौकशी बसायची आहे. निष्काळजीपणाचा ठपका आला तर नोकरी तर जाईलच, वर तुरुंग. या छातीने ते तुरुंगात किती टिकतील हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

तू ये. बाकी काही करू नकोस, एवढंच अधिकाऱ्यांसमोर सांग की धंद्यात मशीनं कशी भरतात. तुझ्यासारखा माणूस बोलला तर ते ऐकतील. मला भीती वाटते रे. तुला असं मी कधी लिहिलेलं नाही.

ताई

१३ एप्रिल

ती. ताई,

वाचून फार वाईट वाटलं. दाजींना जप. मी लगेच निघणार होतो, पण गाडीचा क्लच गेलाय, आणि दुकानात माणूस नाही, आणि माझीही पाठ धरलीय. शिवाय माझ्यासारख्या भंगारवाल्याच्या शब्दाला काय किंमत? उलट नुकसान व्हायचं.

मी असं म्हणतो की दाजींनी वाद घालू नये. "चुकून झालं असेल" असं म्हणावं. आजारी माणूस बघून अधिकारी सौम्य घेतात. नोकरी गेली तर माझ्या दुकानात या दोघंही. गल्ल्यावर बसा. मागची खोली रंगवून देतो, खिडकी मोठी करतो. दवाखान्याचं बिल मला पाठव, सगळं. आणि सोबत तुझ्यासाठी कपडे धुण्याचं मशीन पाठवतोय. नवं कोरं, दुकानातलं. हाताने धुऊ नकोस आता.

बारक्या

२० एप्रिल

बारक्या,

मशीन पोचलं. खोक्यातून काढल्यावर पहिल्यांदा मी दार उघडून आत हात घालून बघितलं. माहितीपत्रक होतं, बाकी काही नाही.

तू मला जन्मात काही फुकट दिलेलं नाहीस. माझ्या लग्नातला कुकर तू घाऊक भावाने आणलास आणि टेम्पोचं भाडं माझ्याकडून घेतलंस. त्यावर आपण इतकी वर्षं हसतोय. तेव्हा बिल, खोली, मोठी खिडकी आणि वर हे मशीन, असं एकदम आलं तेव्हा मला शंका आली. तरी मी स्वतःलाच म्हटलं, भाऊ आहे, माया आली असेल.

मला कामावरून काढलेलं नाही. पट्टा बंद आहे म्हणून राख झाडायला लावलंय. ढिगाच्या कडेला एक मशीन वाचलंय, अंगावर नुसती काजळी. चौकशी होईपर्यंत हात लावायचा नाही म्हणून त्याच्याभोवती दोरी बांधलीय. काल दोरीपलीकडे वाकून मी त्याच्या दाराची तार बघितली.

बाबा गोदामात खोकी बांधायचे तेव्हा आपण शेजारी बसायचो, आठवतंय का? तारेला डावीकडे पीळ, मग टोक दुमडून आत, आणि वर हातोडीचा हलका ठोका. ठोका कशाला म्हणून तूच विचारलं होतंस. बाबा म्हणाले होते, सोडणारा कोण असेल त्याचा हात कापू नये. तशी तार मी बाबांनंतर दोनच माणसांना बांधताना बघितलीय. त्यातली एक मी.

बारक्या, तू टोक आत वळवलंस. ठोकासुद्धा मारलास. पुढच्या माणसाच्या बोटाला लागू नये इतकी काळजी घेतलीस, आणि आत काय भरलंस? मी रात्रीपासून एवढंच धरून बसलेय. बेफिकीर असतास तर मला सोपं गेलं असतं.

नऊ मार्चला तू दाजींना ढिगापासून लांब राहायला सांगितलंस, म्हणजे तेव्हा तुला कळलं होतं. धूळ म्हणे.

गुरुवारी चौकशी सुरू होते. तू ये आणि स्वतः सांग. नाही आलास तर मला काय करावं लागेल ते मी लिहीत नाही. मला लिहवत नाही.

ताई

२ मे

ती. ताई,

इथे फोन ठेवू देत नाहीत, म्हणून पत्र. कोठडी तशी स्वच्छ आहे. शेजारी एक सायकलचोर आहे. त्याला मी सांगितलं की चोरीची सायकल सुटी करून विकली तर भाव कमी येतो. मग लक्षात आलं की आपण कुठे आहोत.

गुरुवारी मी निघालो होतो. बसमध्ये बसलो आणि पुढच्याच थांब्यावर उतरलो. तिथे बाकावर बसून एकामागून एक बस जाताना बघत राहिलो. शुक्रवारी मात्र उतरलो नाही.

तुझ्या कारखान्याच्या बैठकीच्या खोलीत चौकशी अधिकारी होते, तुमचे टायवाले साहेब होते, विम्याचे सर्व्हेअर होते. मी नाव सांगितलं. अधिकाऱ्यांनी एकदम मान वर करून माझ्याकडे बघितलं, का ते कळलं नाही. मी म्हटलं, ती मशीनं मी भरली, बॅटऱ्या माझ्या, आग त्याने लागली, मेहुण्यांना सोडा. अधिकारी म्हणाले, तुम्ही काय विकलंत? म्हटलं बॅटऱ्या. त्यांनी कागद काढला. म्हणाले, इथे मशीनं लिहिलंय. म्हटलं, मशीनच्या आत बॅटऱ्या. म्हणाले, मशीनच्या आतलं मशीनचंच, आणि मशीनं विकणं हा गुन्हा नाही. तुम्ही जाऊ शकता. ताई, ज्या ओळीवर मी इतकी वर्षं जेवलो, त्या ओळीने मला खोलीबाहेर काढलं. कबुली देतोय आणि कुणी घेत नाही! साहेब तर दार उघडून उभे राहिले, पाणी हवं का विचारलं.

फक्त सर्व्हेअर खुर्चीत पुढे सरकले. मालाने आग लागली असेल तर त्यांच्या कंपनीची भरपाई वाचते. ते म्हणाले, ते एक मशीन वाचलंय ना? मग उघडून बघा. अधिकारी म्हणाले, बाहेर काढणारा तो बाळगणारा, इथे परवाना कुणाकडे आहे? कुणाकडेच नव्हता. सगळे मैदानात जाऊन त्या मशीनभोवती उभे राहिले आणि सगळ्यांनी हात मागे बांधले.

मग मी दोरी ओलांडली आणि मशीन उघडलं. बॅटऱ्या एकेक बाहेर काढून जमिनीवर मांडल्या. एक फुगलेली होती, हाताला कोमट लागत होती. ती काढताना मला सारखे दाजी दिसत होते, तुला ढकलताना. शेवटची खाली ठेवली तेव्हा अधिकाऱ्यांनी पेन उघडलं आणि लिहिलं, विनापरवाना बॅटऱ्या बाळगणारा इसम. म्हटलं, आता तरी माझं ऐका. त्यांनी ऐकलं. सर्व्हेअर तर इतक्या आपुलकीने बघत होते की आपल्या बाबांनीही कधी बघितलं नव्हतं.

दुकानाला सील लागलं. खटला होईल. वकील म्हणतात, आत बसावं लागेल. मी त्या बॅटऱ्या भरताना हसत होतो, ताई, शिटी वाजवत होतो. तुझ्या त्या भुवयांच्या पत्रानंतर दलालाला फोन केला, तो म्हणाला माल कधीच पुढे गेला, आणि मला हायसं वाटलं. ते हायसं वाटणं मला आता सहन होत नाही.

एक मात्र बरं झालं. नवरा की भाऊ, असं तुला निवडावं लागलं नाही. तू बोलणार नाहीस हे मला ठाऊक होतं. लहानपणी शेजारची काच मी फोडली तेव्हा बाबांचा मार खाल्लास, पण माझं नाव घेतलं नाहीस. म्हणूनच मला यावं लागलं. तेवढं तरी तुझं ओझं मी उतरवलं, यावर मी इथे दिवस काढतोय.

बारक्या

७ मे

बारक्या,

दाजींवरचा ठपका काढला. साहेबांची बदली झाली, कुठे ते कुणी सांगत नाही. दाजी सोमवारी कामावर गेले. मैदानात नवी पाटी लागलीय की न पेटवलेली सिगारेटही चालणार नाही. आता ते तोंडात पेन्सिल धरतात. खोकला आहे, पण जिना एका दमात चढतात.

पुढचं लिहू नकोस असं दाजींनी मला बजावलं. म्हणाले, तो आत बसलाय, त्याला तेवढा आधार असू दे. मी कालचा दिवस त्यांचं ऐकलं. आज लिहिते.

गुरुवारी मी गेले होते. त्याच खोलीत, त्याच अधिकाऱ्यांसमोर उभी राहिले आणि तुझं नाव सांगितलं. पूर्ण नाव, बाबांच्या नावासकट, दुकानाचा पत्ता, सगळं. त्यांनी विचारलं, हे तुमचे कोण? म्हटलं, सख्खा भाऊ. मग त्यांनी मला तेच सांगितलं जे दुसऱ्या दिवशी तुला सांगितलं. लिहून काहीच घेतलं नाही. मी तडक मैदानात गेले आणि त्या मशीनच्या दाराला हात घातला. चौकशीला बोलावलेल्या दाजींनी मागून येऊन मला उचलून बाहेर नेलं. श्वास पुरत नव्हता तरी सोडलं नाही. म्हणत होते, एका घरातून दोन माणसं नकोत.

तेव्हा तू मला कशातून वाचवलं नाहीस. तू आलास त्याच्या आदल्या दिवशीच मी तुझं नाव घेऊन मोकळी झाले होते. अधिकाऱ्यांनी मान वर करून बघितलं ते त्यामुळे. काचेच्या वेळी मी मार खाल्ला, कारण मार माझा होता. या वेळी मार दाजींना बसत होता. पुन्हा वेळ आली तर पुन्हा तुझं नाव घेईन, हे तुला माहीत असू दे.

शुक्रवारी मी दाजींना छातीच्या डॉक्टरकडे नेलं होतं. परत येताना फाटकावर वॉचमन म्हणाला, तुमचे भाऊ आपण होऊन आले आणि स्वतःच्या हाताने सगळं बाहेर काढलं. मी वजनकाट्याच्या खोलीत गेले, दार लावलं आणि खूप रडले. काट्यावर बसूनच रडले, बाहेर आकडा दिसत असेल. तू माझ्यावर भरवसा ठेवलास की मी बोलणार नाही, आणि तो भरवसा चुकीचा निघाला. पण तू येशील असं मला एक क्षणही वाटलं नव्हतं, बारक्या. मी एक दिवससुद्धा थांबले नाही. दोघांत कोण जास्त चुकलं ते मला ठरवता येत नाही.

मी अजून रागावलेली आहे. तो राग बराच काळ जाणार नाही. रविवारी भेटायला सोडतात असं कळलं. दाजी म्हणतात मीही येतो. दोघंही येतो.

ताई